मदत हवी आहे: टिकल्या लावलेल्या जुन्या लक्ष्मीच्या चित्राला खोल फ्रेम कशी करावी?

आमच्या बडोद्याच्या घरातली, दांडिया बाजारची, रविवर्मा छापाची लक्ष्मी आहे. खाली कार्ला-लोणावळ्याचं नाव आहे, म्हणजे १८९४ साली मुंबईत निघालेला रविवर्म्यांचा छापखाना तिकडे गेला त्यानंतरची. पणजीने तिच्या साडीला जर, टिकल्या आणि बारीक मणी शिवलेत. त्या काळी ही हौस बऱ्याच घरी असायची.

पावसाळ्यात काचेला आतून डाग दिसले म्हणून फ्रेम उघडली, तर दोन टिकल्या काचेलाच चिकटून आल्या! काच थेट चित्रावर टेकवलेली. फ्रेमवाला म्हणतो, "बेन, हार्डबोर्ड पर चोंटाडी दईश, एकदम सपाट थई जशे." म्हणजे हार्डबोर्डवर चिकटवून देतो, एकदम सपाट होईल. सपाटच तर नकोय मला. मण्यांची सावली साडीवर पडलेली दिसायला हवी.

डबल माउंट (चित्राभोवती पुठ्ठ्याच्या दोन चौकटी) करून बघायचं ठरवलं होतं, पण मणी ४ मिमी उंच आणि दोन माउंट मिळून ३ मिमी. म्हणजे काच पुन्हा टेकणार. काय करू? आणि काचेऐवजी अॅक्रिलिक चालेल का?

प्रतिसाद: ताई, आधी चिकटवू देऊ नका! बॉक्स फ्रेम करायला सांगा. काच आणि चित्र यांच्यामध्ये चारी कडांना १२ मिमीच्या पट्ट्या, माउंटच्याच रंगाच्या, म्हणजे डोळ्यांत येत नाहीत. काच, पट्टी, चित्राचा बोर्ड, पाठ धरून फ्रेमच्या मोल्डिंगची खाच २० मिमी तरी खोल हवी. नेहमीच्या मोल्डिंगमध्ये ते बसत नाही. माउंट आणि मागचा बोर्ड अॅसिड-फ्री (आम्ल नसलेला) घ्या. चित्र फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांवर (छोट्या पट्ट्यांवर), गव्हाच्या खळीने टांगा, म्हणजे दमट हवेत कागदाला फुगायला जागा राहते. अॅक्रिलिक नको: पुसलं की त्यात स्थिर वीज येते आणि सुटे जरीचे धागे वर ओढले जातात. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, भिंतीची ओल लागत नाही.

मूळ प्रश्नकर्ती: धन्यवाद दादा! खळ घरीच शिजवेन. त्या दोन टिकल्या कुंकवाच्या डबीत ठेवल्यात. त्या परत शिवायच्या तर जुन्याच छिद्रांतून सुई घालू, की कागद फाटेल?