मानसशास्त्रातले दृष्टिकोन: तुलना करायची ती नेमकी कशाची?

निशिगंध:
दुसऱ्या वर्षाला मानसशास्त्र घेतलंय. 'प्रमुख सैद्धांतिक दृष्टिकोनांची तुलना करा' हा प्रश्न हमखास येतो. तक्ता पाठ आहे: मनोविश्लेषण म्हणजे फ्रॉइड, अबोध मन, वर्तनवाद म्हणजे वॉटसन, स्किनर, प्रबलन (बक्षिसाने वर्तन पक्कं होणं), मानवतावाद म्हणजे रॉजर्स, मॅस्लो, मग बोधनिक (विचार, स्मृती यांवर भर देणारा) आणि जैविक. प्रत्येकाचे दोन गुण, दोन दोष. मार्क पडतात, पण डोक्यात काही शिरत नाही. सगळेच थोडेथोडे बरोबर वाटतात. यातला खरा कोण, हे ठरवायचं कसं?

जुनी मास्तरीण:
तक्त्यातून नावं कळतात, भांडण कळत नाही. आणि मजा सगळी भांडणातच आहे! एकच विषय घे आणि सगळ्यांना त्यावर बोलायला लाव. मी वर्गात लहान मुलांची भीती घेते, कारण तीन गाजलेल्या केसेस आयत्या मिळतात.

पहिला हान्स. फ्रॉइडने १९०९ मध्ये छापलेली केस. पाच वर्षांचा पोरगा, घोडा चावेल म्हणून बाहेर पडायला घाबरतो. फ्रॉइड म्हणतो, घोडा नुसतं निमित्त. खरी भीती बापाची, मुळाशी इडिपस गंड, म्हणजे आईची ओढ आणि त्यातून बापाशी स्पर्धा. आता पुरावा बघ. वडिलांनी लिहून पाठवलेल्या नोंदी. वडील फ्रॉइडच्याच विचारांचे, आणि पोराला खोदून खोदून विचारणारेही तेच. उपचार चालू असताना फ्रॉइड त्या मुलाला भेटला एकदाच. शिवाय त्याच नोंदींत आहे की गाडीला जुंपलेला घोडा कोसळताना हान्सने पाहिला होता. १९६० मध्ये वोल्पी आणि रॅकमन यांनी तिथेच बोट ठेवलं: भीतीला एवढं कारण पुरेसं आहे की, बाप कशाला मध्ये आणता?

दुसरा अल्बर्ट, १९२०. वॉटसन आणि रेनर यांनी अकरा महिन्यांच्या बाळासमोर पांढरा उंदीर ठेवला आणि त्याने हात लावला की मागे लोखंडी दांड्यावर हातोडी हाणली. बाळ उंदराला घाबरायला लागलं, मग सशालाही, फरच्या कोटालाही. इथे निदान जे घडलं ते समोर घडलं. पण बाळ एकच, आणि घाबरलं की नाही हे ठरवणारे प्रयोग करणारेच. ती भीती घालवलीही नाही. मला हा प्रयोग शिकवताना आजही राग येतो.

तिसरा पीटर, १९२४. मेरी कव्हर जोन्सने सशाला घाबरणाऱ्या या मुलाला आवडीचं खायला दिलं आणि तो खात असताना ससा हळूहळू जवळ आणत गेली. शेवटी पोरगा सशाशी खेळायला लागला. अबोध मनात कोणी डोकावलं नाही, तरी भीती गेली.

तेव्हा 'खरा कोण' याच्या आधी विचार, पुरावा म्हणून कोण काय मान्य करतो? फ्रॉइडला अर्थ लागला की पुरे. वॉटसनला डोळ्यांना दिसलं पाहिजे. तुलनेचं उत्तर इथून सुरू कर.

उंदीरमामा:
बाई, वर्तनवादी फार सहज सुटले. त्यांना खरे दणके उंदरांनीच दिलेत. टोलमन आणि होन्झिक, १९३०: भुलभुलैयात दहा दिवस बक्षिसाविना फिरलेल्या उंदरांना अकराव्या दिवसापासून खाणं ठेवलं, तर ते रोज खाणं मिळणाऱ्यांच्या बरोबरीला लगेच आले. म्हणजे प्रबलन नसतानाही ते शिकत होते, डोक्यात नकाशा तयार होत होता. बोधनिकवाल्यांना इथेच दार उघडं झालं.

मग १९६६ मध्ये गार्सियाचा प्रयोग. उंदीर पाणी प्यायला लागले की चवीबरोबर प्रकाश आणि आवाजही. ज्यांना नंतर मळमळ झाली त्यांनी चव टाळली. ज्यांना शॉक बसला त्यांनी प्रकाश-आवाज टाळला. कोणतीही गोष्ट कशाशीही जोडता येते, हे गृहीतक गेलं. काय कशाशी पटकन जोडलं जाईल हे शरीर आधीच थोडंफार ठरवून बसलेलं असतं. जैविक दृष्टिकोनाचा 'गुण' म्हणून हे लिही. 'मेंदूचा अभ्यास करतो' याला काही अर्थ नाही.

निशिगंध:
भारीच! पण मग रॉजर्स कुठे बसवायचा? त्याच्याकडे ना उंदीर, ना प्रयोग. मानवतावाद म्हणजे नुसतं गोड बोलणं वाटतं.

जुनी मास्तरीण:
मामा, टोलमन मान्य. पण तो स्वतःला वर्तनवादीच म्हणवून घ्यायचा, हेही सांगा पोरीला.

निशिगंध, रॉजर्सबद्दल हा समज पुस्तकंच करून देतात. समुपदेशनाच्या खोलीत काय चालतं ते रेकॉर्ड करून अभ्यासणाऱ्या पहिल्या लोकांपैकी तो एक. १९४२ च्या पुस्तकात त्याने एका केसच्या सगळ्या बैठकी शब्दन् शब्द छापल्या. फ्रॉइडच्या बहुतेक केसेस आपण फ्रॉइडच्याच आठवणीतून वाचतो. इथे समुपदेशक कुठे चुकला तेही वाचणाऱ्याला दिसतं. हान्सला घोड्याची भीती का वाटते, हा रॉजर्सचा प्रश्नच नव्हता. समोरच्याचं बरं-वाईट न ठरवता नुसतं ऐकलं तर तो बदलतो का, हा होता. परीक्षेत 'अशास्त्रीय' असा दोष लिहिणार असशील तर आधी त्यातली एक बैठक वाच.