मदत हवी आहे : मोयामोया असलेल्या मुलीची बुद्धीची चाचणी 'सरासरी' आली, पण पेपर निम्मा कोरा राहतो

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते आहे, कृपया पूर्ण वाचा.

माझी लेक ९ वर्षांची, चौथीत, मराठी माध्यम. आम्ही सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. गेल्या वर्षी धाकट्याच्या वाढदिवसाला ती फुगे फुगवत बसली होती. तिसरा फुगा तिच्या हातातून गळून पडला आणि म्हणाली, "आई, माझा हात झोपला." उजवा हात लुळा, जीभ जड. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. त्याआधी दोनदा खूप रडल्यावर असंच झालं होतं आणि आम्ही तो हट्टीपणा समजून तिला रागावलो होतो. ते मनातून जात नाही. पुढे एमआरआय आणि अँजिओग्राफी झाली, आणि मोयामोया हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात : मेंदूला रक्त नेणाऱ्या मुख्य धमन्या कवटीच्या आत हळूहळू अरुंद होत जातात, आणि त्यांची उणीव भरून काढायला मेंदूच्या तळाशी बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं तयार होतं. अँजिओग्राफीत ते धुराच्या लोटासारखं दिसतं, म्हणून सुझुकी आणि ताकाकू या जपानी डॉक्टरांनी १९६९ मध्ये हे नाव रूढ केलं. जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच कमी असलेला पुरवठा आणखी घटतो. रडणं, फुगे, बासरी, गरम घास फुंकून खाणं, सगळ्याची भीती. आमच्याकडे आता वरणभात पंख्याखाली निववूनच तिच्या पुढ्यात जातो.

फेब्रुवारीत डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं. डोक्याच्या कातडीतली धमनी मेंदूच्या पृष्ठभागावर आणून ठेवतात आणि तिथून नव्या वाहिन्या फुटायची वाट बघायची. उजवी बाजू दिवाळीनंतर. ॲस्पिरिन चालू आहे. हात लुळा पडणं जवळपास थांबलंय, त्याबद्दल डॉक्टरांचे उपकार विसरणार नाही.

आता खरा प्रश्न. शाळेतून सारखी तक्रार येते : लक्ष नसतं, फळ्यावरचं उतरवून होत नाही, पेपर अर्धा सोडते. तोंडी विचारलं तर सगळं येतं! परवा घरी गणितं घातली. पहिली चार अचूक. पाचव्याला पेन्सिल तशीच धरून खिडकीकडे बघत बसली. मी हाक मारली तेव्हा म्हणाली, "आकडे होते डोक्यात, गेले."

म्हणून एका ठिकाणी बुद्धीची चाचणी करून घेतली. मालिन यांची भारतीय मुलांसाठीची चाचणी होती. शाब्दिक १०६, कृतीची ८८, एकूण ९७. अहवालात एकच ओळ : 'बुद्धिमत्ता सरासरी, काळजीचं कारण नाही.' तासभर सलग बसवलं होतं, आकड्यांखाली खुणा भरायच्या भागात ती रडकुंडीला आली आणि मला आत सोडलं नाही. अहवाल देताना मोयामोया म्हणजे काय, हेही मलाच सांगावं लागलं.

९७ खरं मानू की कोरा पेपर? दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी पुन्हा चाचणी करावी की नंतर? आणि नेमकं काय मागायचं? ज्यांनी या वाटेवरून मूल नेलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद : पाऊसवाट

ताई, माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, सहाव्या वर्षी निदान, दोन्ही बाजूंची ऑपरेशनं झालीत. आम्ही आधीची चाचणी केलीच नाही. त्यामुळे आज तो हळू लिहितो ते आजारामुळे, ऑपरेशनच्या आधीपासून, की नंतर सुरू झालं, हे कुणालाच सांगता येत नाही. तुमच्याकडे अजून वेळ आहे. दिवाळीआधी करून घ्या.

आणखी एक, याचा चाचणीशी संबंध नाही पण सांगतेच. ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) करायची वेळ आली तर तिथे मुलांना तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. मोयामोया असलेल्या मुलांना ते लावायचं नसतं. आत जायच्या आधीच सांगा, चिठ्ठीवर लिहून न्या.

प्रतिसाद : काजवा_७

मी बालरुग्णांसोबत काम करणारी मानसशास्त्रज्ञ आहे. मुलीला पाहिलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

तुमच्या अहवालात ९७ हा सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा आहे. १०६ आणि ८८ यांची ती सरासरी. एक पाय गरम पाण्यात, एक बर्फात, आणि सरासरी कोमट. तुमच्या मुलीची गोष्ट त्या १८ गुणांच्या फरकात आहे. मोयामोयात मेंदूच्या पुढच्या भागाचा रक्तपुरवठा जास्त करून कमी पडतो. पक्षाघाताचा ठळक झटका आला नसला तरी वेग, एकाग्रता, माहिती डोक्यात धरून काम करणं आणि आखणी करणं यांवर परिणाम दिसू शकतो. शब्दसंपत्ती आणि सामान्यज्ञान पुष्कळदा शाबूत राहतं. म्हणून तोंडी हुशार आणि लेखी मागे. "आकडे होते डोक्यात, गेले" हे वाक्य तारखेनिशी वहीत लिहून ठेवा आणि तपासणीच्या दिवशी जसंच्या तसं सांगा.

मालिन यांची चाचणी नागपूरची. १९४९ च्या वेक्स्लर चाचणीवर (मुलांची बुद्धी मोजायची अमेरिकन चाचणी) आधारलेली. ती वाईट नाही, पण तिचे निकष जुने आहेत आणि वेगाचा, तात्पुरत्या स्मृतीचा वेगळा निर्देशांक ती देत नाही. वेक्स्लरच्या चौथ्या आवृत्तीत हे दोन्ही स्वतंत्र मिळतात. फक्त शाब्दिक भाग मुलीच्या भाषेत झाला नाही तर तो आकडा इंग्रजीची परीक्षा ठरतो, हे आधी विचारून घ्या. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये (मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) ५ ते १५ वयोगटासाठी तयार केलेला चाचणीसंच आहे. त्यात बोटांचा वेग, एका मिनिटात जमतील तितकी प्राण्यांची नावं सांगणं, शब्दांची यादी पुन्हा पुन्हा ऐकून आठवणं, असं बरंच आहे. तुम्ही फोन करताना 'आयक्यू' मागू नका. 'न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी हवी' म्हणा, म्हणजे लक्ष, स्मृती, वेग अशी मेंदूची कामं वेगवेगळी तपासतात.

अजून एक बारकावा. त्रास उजव्या हाताला होता. मग खुणा भरताना हात मंद होता की विचार? बोलून उत्तर द्यायच्या कामांतही ती मंद असेल तर प्रश्न नुसत्या हाताचा नाही. हे वेगळं करून द्यायला तपासणाऱ्याला स्पष्ट सांगा.

वेळेबद्दल : ऑपरेशनआधी एकदा, तब्येत स्थिर असताना. नंतर लगेच नको, नव्या वाहिन्या फुटायला महिने जातात, साधारण वर्षाने पुन्हा. तीच चाचणी घाईने दोनदा घेतली तर सरावाने गुण वाढतात आणि आपण सुधारणा समजून बसतो. सकाळी खाऊन, भरपूर पाणी पिऊन, दोन-तीन बैठकांत. रडायला आली की थांबायचं. या आजारात ते लाड नव्हेत, वैद्यकीय गरज आहे. डॉक्टरांकडून तसं लेखी घ्या, म्हणजे दाराबाहेर बसायची वेळ येणार नाही.

प्रतिसाद : बोरूमास्तर

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. ताई, अहवाल येईपर्यंत थांबू नका. वर्गशिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना डॉक्टरांची चिठ्ठी द्या आणि तीन गोष्टी मागा : फळ्याजवळची जागा, फळ्यावरचं उतरवण्याऐवजी छापील कागद, आणि चाचणीत जास्तीचा वेळ किंवा तोंडी उत्तर. चौथीला हे शाळेच्या पातळीवर जमतं. माझ्या वर्गात फिट येणाऱ्या मुलासाठी आम्ही केलं होतं. पाण्याची बाटली बाकावर राहू द्या आणि पीटीला दमेपर्यंत पळवू नका, हेही त्याच चिठ्ठीत येऊ दे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काजवाताई, तुमचा प्रतिसाद ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. काल संध्याकाळी शेंगा सोलताना सहज म्हटलं, प्राण्यांची नावं सांग बघू. गाय, म्हैस, कुत्रा, मांजर, वाघ भराभर आले, मग मिनिटभर काही नाही. आणि गोष्ट सांग म्हटलं तर कोल्ह्याची अख्खी गोष्ट, आवाज काढून. चाचणी नाही ही, कळतंय मला. पण फरक पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला.

मास्तर, सोमवारी चिठ्ठी घेऊन शाळेत जाते आहे. ऑपरेशनच्या डॉक्टरांशीही बोलले, दिवाळीआधी तपासणी करायला त्यांची हरकत नाही.

आता एवढंच : पुणे, कोल्हापूर किंवा मिरजेकडे मराठीतून अशी पूर्ण तपासणी करणारं कुणी माहीत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. बंगळुरूला जायचीही तयारी आहे, पण तिथे मराठी बोलणारं कुणी मिळेल का, की दुभाषा म्हणून मीच आत बसायचं?