‘एक्स्टेंशन’ला ‘विस्तार’ म्हणावं का?

अनुवादिका : एका महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालाचं मराठी करतेय. त्यात ‘एक्स्टेंशन ॲक्टिव्हिटीज’ असं प्रकरण आहे. मुलं वस्तीत जाऊन रक्तगट तपासतात, प्राध्यापक गावोगावी व्याख्यानं देतात, वगैरे. मी ‘विस्तार उपक्रम’ लिहिलं. प्राचार्यांनी लाल खूण केली : “इमारतीच्या विस्ताराचं मागच्या पानावर आलंय, पुन्हा कशाला?” पण कृषी विद्यापीठांत ‘विस्तार शिक्षण संचालक’ असं पदच असतं ना? मग काय लिहू?

खडूफळा : बहिःशाल! मुंबई विद्यापीठात बहिःशाल शिक्षण विभाग, पुण्यात बहिःशाल शिक्षण मंडळ. बहिः म्हणजे बाहेर, शाला म्हणजे शाळा. विद्यापीठाच्या भिंतींबाहेर नेलेलं शिक्षण. इतका नेमका शब्द हाताशी असताना ‘विस्तार’ कशाला? आणि कृपया विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टाकू नका, फार खुपतं.

माणदेशी : शब्द नेमका आहे, पण कुणासाठी? आमच्या गावात चावडीच्या फळ्यावर ‘बहिशाल व्याख्यान’ लिहिलेलं असायचं. आजीनं विचारलं होतं, “शाळंतनं काढलेल्या पोरांसाठी हाय का?” जिच्यासाठी व्याख्यान, तिलाच शब्दानं बाहेर ठेवलं. ‘विस्तार’ही नको. पंचायत समितीचे विस्तार अधिकारी शाळा तपासायला येणार म्हटलं की गुरुजी आदल्या दिवशी वर्ग सारवून घ्यायचे. आमच्याकडे विस्तार म्हणजे तपासणी.

खडूफळा : आजीला शब्द कळला नाही तर समजावून सांगायचा. ‘विद्यापीठ’ तरी कुठे कुणाच्या आजीचा शब्द होता? वापरला म्हणून रुळला.

काळी_माती : शेतीत ‘विस्तार’ पक्का बसलाय. अमेरिकेत १९१४च्या कायद्याने शेतीचं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत नेण्याचं काम कृषी महाविद्यालयांकडे दिलं, तिथला शब्द आपल्याकडे आला. पण शेतकऱ्याच्या तोंडात आहे ती ‘शिवारफेरी’. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात लोक शिवारफेरीला जातात, वाण उभा बघतात, कणीस हातात घेतात. कुणी ‘विस्ताराला चाललो’ म्हणत नाही.

नीरेकाठ : एक आठवण सांगतो. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅ. जयकर. त्यांच्या नावाची व्याख्यानमाला बहिःशाल मंडळ गावोगावच्या महाविद्यालयांतून चालवतं. आमच्याकडे एकदा भूगर्भातल्या पाण्यावर व्याख्यान होतं. वक्त्यांनी पिशवीतून दोन काळे दगड काढले आणि दोन्हींवर तांब्यातलं पाणी ओतलं. एकावरून ओघळून गेलं, दुसऱ्यात जिरलं. म्हणाले, “हा सच्छिद्र बेसाल्ट.” मागे बसलेले विहिरी खोदणारे एक आजोबा उठले : “सर, ह्यो मांजऱ्या. ह्येच्यातच पानी लागतंय.” सरांनी वही काढून शब्द लिहून घेतला आणि कुठल्या शिवारात किती हातावर लागतो तेही विचारलं. उरलेला तास आजोबाच बोलत होते. ‘विस्तार’ म्हटलं की आपण तिकडे काहीतरी पसरायला निघालोय असं वाटतं. त्या दिवशी तर सरच घेऊन गेले. यासाठी शब्द हवा.

अनुवादिका : किती छान! पण याला एका शब्दात काय म्हणू?

शाईपेन : बहिःशाल आणि बहिःस्थ यांत गल्लत नको. माझी मावशी बालवाडी सांभाळून बहिःस्थ बी.ए. झाली. ती वर्गात न बसता परीक्षा देणारी विद्यार्थिनी. बहिःशाल व्याख्यानाला परीक्षाच नाही, कुणीही येऊन बसावं. पुढे १९८९ला नाशिकचं मुक्त विद्यापीठ आलं आणि ‘मुक्तमधून केलं’ हा शब्दप्रयोग रूढ झाला.

सार्वजनिक_वाचक : मूळ शब्द ‘सार्वजनिक’ आहे. २०१६च्या कायद्याचं नावच ‘महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम’. पुण्यात १८७०ला सार्वजनिक सभा निघाली ती लोकांचं गाऱ्हाणं मांडायला. विद्यापीठ सार्वजनिक असेल तर गावात जाऊन बोलणं हे त्याचं जादा काम कसं? ‘विस्तार’ या शब्दातच ते जादा ठरतं, म्हणून पैसे कमी पडले की आधी तेच बंद होतं. मी शिकवतो तिथे गेली काही वर्षं वक्त्याला एस.टी.चं भाडंही वेळेवर मिळत नाही. तरी माणसं जातात.

खडूफळा : हे अगदी खरं. पण सरकारी कागदावर ‘सार्वजनिक’ म्हणजे बांधकाम खातं आठवतं.

सार्वजनिक_वाचक : तुम्हाला बांधकाम आठवतं, मला वाचनालय आठवतं. शब्द कुणाच्या ताब्यात द्यायचा, ते आपण ठरवायचं.

माणदेशी : आणि प्रबंध? ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुले आहेत, पण आमच्या तालुक्याच्या पाण्यावरचा इंग्रजीत. नीरेकाठच्या आजोबांनी तो कसा वाचायचा?

अनुवादिका : अहो, अहवाल उद्या द्यायचाय. ‘लोकांमधले उपक्रम’ लिहू का?

खडूफळा : फार सैल होतं. बहिःशालच लिहा.

काळी_माती : @नीरेकाठ, मांजऱ्या म्हणजे पांढरे ठिपके असलेला ना? आमचे विहीर बांधणारे म्हणतात, ठिपके मांजराच्या डोळ्यांसारखे चमकतात म्हणून मांजऱ्या.

नीरेकाठ : आमच्याकडे ठिपके नसलेल्यालाही मांजऱ्याच म्हणतात. भोकं हवीत, बस्स.