करवंद सोलापुरात येतंच नाही असं नाहीये

एका ताईंनी विचारलंय की करवंद फक्त घाटातच येतं का, आपल्या सोलापूरच्या उन्हात टिकेल का. ताई, नक्की टिकतं, माझ्या शेताच्या बांधावर आहे ना! मूळचं ते सह्याद्रीच्या कातळावरचं झुडूप, पण पाणी फार मागत नाही, मुळं धरली की मे मधल्या ४२-४३ डिग्रीतसुद्धा हिरवंगार राहतं. फक्त पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी घालायला लागतं आणि वाढ एकदम स्लो, धीर पाहिजे. दोन-तीन फुटांवर एकेक लावलं की दोन टोकांच्या काट्यांमुळे असं कुंपण होतंय की शेळी पण आत शिरत नाही.

एक महत्त्वाचं, नर्सरीत गुलाबी-पांढऱ्या मोठ्या फळाचं रोप देतात, ते आंबट, लोणच्याला झकास, केकवरची लाल चेरी म्हणून पाकात मुरवून रंगवलेलं असतं ते बऱ्याचदा हेच. डोंगरची काळी मैना, म्हणजे रानातलं काळं करवंद पाहिजे असेल तर मे महिन्यात घाटातली पिकलेली करवंदं आणा, खाऊन झाल्यावर बिया धुवून लगेच पेरा, ठेवून दिल्या की उगवत नाहीत.

आणि फळातून निघणारा चीक विषारी नाही हो, ओठ चिकटतात एवढंच, पाण्यात घालून ठेवा थोडा वेळ मग खा. आमच्याकडं पोरं अजून फळ फोडून कोंबडा का कोंबडी बघतात, आत लाल निघालं की कोंबडा, मला ते बघायला लई आवडतं.