उन्हाळा संपला हे तुमच्या घरात कशावरून कळतं?

सप्टेंबर लागला की सगळीकडून लाल-पिवळ्या पानांचे फोटो यायला लागतात. छानच असतात, पण या धाग्यावर ते नकोत. मला घराच्या आतलं ऐकायचंय. इकडे न्यू जर्सीत लेबर डेचा, म्हणजे सप्टेंबरचा पहिला, सोमवार झाला की बहुतेक शाळा त्याच आठवड्यात सुरू होतात आणि घराची चालच बदलते. जूनमध्ये रात्री नऊला "आता आत या रे" म्हणून ओरडावं लागायचं, ती पोरं आता साडेसातलाच अंधार झाला म्हणून कुरकुरत आत येतात. सप्टेंबरच्या शेवटी इथे दिवस रोज अडीच-तीन मिनिटांनी आखडतो, म्हणजे आठवड्याला चांगली वीस मिनिटं जातात. पोहण्याचे कपडे धुऊन वर ठेवायचे, मागच्या वर्षीचे स्वेटर अंगाला लावून बघायचे (धाकट्याला थोरल्याचे होतात, थोरल्याला कुणाचेच होत नाहीत), डब्याच्या वाट्यांची झाकणं शोधायची. तुमच्याकडे काय काय होतं? स्वयंपाक, झोप, भांडणं, सगळं चालेल.

मिनियापोलिसहून

आमच्याकडे ऋतू फ्रॉस्टच्या, म्हणजे रात्री दव गोठण्याच्या, इशाऱ्याने बदलतो. सप्टेंबरच्या शेवटापासून तो कधीही येऊ शकतो. त्या संध्याकाळी स्वयंपाक रद्द, सगळे परसात. हातात विजेऱ्या, टोपल्या आणि जुन्या चादरी. चादरी टोमॅटोच्या झाडांवर पांघरायला. मेथी-कोथिंबीर मुळासकट घरात, तुळशीची कुंडी तर आधीच आलेली असते. दुधीचं मला दरवर्षी वाईट वाटतं. इथला उन्हाळा एवढासा, त्यामुळे वेल ऑगस्टभर नुसता पसरतो, आता कुठे दुधी धरायला लागले म्हणेपर्यंत थंडी दारात.

मग ओट्यावर हिरव्या टोमॅटोंचा ढीग पडतो. थोड्यांची तीळ आणि दाण्याचं कूट घालून चटणी, थोड्यांची हरभऱ्याची डाळ घालून भाजी. जे जरा पांढुरके झालेत ते खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळून, सोबत एखादं सफरचंद टाकून ठेवते. सफरचंदातून जो वायू सुटतो त्याने टोमॅटो पिकतात. मात्र चिरलेला किंवा डाग पडलेला एकही आत जाता कामा नये, नाहीतर खोकंभर नासतात. चटणी पहिल्या दिवशी सगळे मिटक्या मारत खातात. चौथ्या दिवशी मुलगा विचारतो, "आज पण हिरवंच का?"

डॅलसहून

स्वेटर वगैरे वाचून करमणूक झाली. आमच्या शाळा ऑगस्टच्या मध्याला सुरू होतात, तेव्हा बाहेर ३८ अंश असतात. दुकानात भोपळे मांडतात, आम्ही ते एसी लावलेल्या गाडीतून घरी आणतो.

शिकागोहून

आमचं पंचांग आई-बाबांच्या तिकिटांवर चालतं. एप्रिलच्या शेवटी येतात, ऑक्टोबरच्या मध्याला जातात. व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिने मिळतात आणि बाबांना बर्फ नको, त्यामुळे कुणी न ठरवता हेच वेळापत्रक पडलंय.

बाबांचा उन्हाळा संपला की पहिल्यांदा डेकवरची खुर्ची आत येते. मग १८ अंशाला कानटोपी. कोपऱ्यावरच्या बागेत आजोबा लोकांचा कट्टा जमतो, त्यातला एकेक जण परत जायला लागतो आणि बाबा रोज येऊन हजेरी सांगतात, "आज नाशिककर गेले, आता आम्ही तिघंच उरलो."

आईचं मात्र वेगळंच सुरू असतं. तिला फ्रीझर भरायचा असतो. पुरणाचे गोळे, ओल्या खोबऱ्याचं वाटण, बिरड्याचे सोललेले वाल, सगळ्या पिशव्यांवर तारीख. भाजणी आणि गोडा मसाला बरण्यांत. मी म्हणते, "अगं, इथे सगळं मिळतं." ती म्हणते, "मिळतं गं, पण तू आणणारेस का?" याला उत्तर नसतं.

शेवटचा आठवडा बॅगांचा. तेवीस किलो म्हणजे तेवीसच, त्यामुळे न्हाणीघरातला वजनकाटा दिवाणखान्यात येतो. बाबा बॅग उचलून काट्यावर उभे राहतात, मग स्वतःचं वजन वजा करतात आणि दर वेळी स्वतःचं वजन चुकीचं सांगतात. बदाम, व्हिटॅमिनच्या गोळ्या, शेजाऱ्यांच्या नातवंडांना चॉकलेटं, शिवाय आईने धुऊन वाळवलेल्या झिपच्या पिशव्या. दिवाळी कुठे करायची यावरून दोघांचं दरवर्षी वाजतं. आईला नातवंडांना अभ्यंगस्नान घालायचं असतं, बाबांना सोसायटीतला पहाटेचा कार्यक्रम हवा असतो. बहुतेक बाबाच जिंकतात.

ते गेले की पुढच्या सोमवारी मुलगी गळ्यात किल्ली अडकवून शाळेत जाते. दुपारी दार उघडायला घरात कुणी नसतं. आमच्याकडे फॉल, म्हणजे पानगळीचा ऋतू, लागतो तो त्या दुपारी.

पुण्याहून

मी पण त्याच सहा महिनेवाल्या आज्यांपैकी, म्हणून वरचं वाचून हसू आलं आणि दुसरंही काही आलं. दुसरी बाजू सांगते. तिकडून स्वेटर घालून निघायचं आणि मुंबईला विमानतळाबाहेर आलं की ऑक्टोबर हीटचा फटका. पाऊस परतलेला, आभाळ मोकळं, हवेत ओल आणि वरून रणरणतं ऊन. घरी आलं की बंद कपाटांचा कुबट वास, चामडी चपलांवर बुरशी, तुरीच्या डाळीत किडे. पहिले आठ दिवस गच्चीवर डाळी, गाद्या आणि रजया वाळवण्यात जातात. ह्यांना जेट लॅग असतो, मला नसतो. मला वेळच नसतो! कोजागिरी साधली तर गच्चीवर दूध आटवतो आणि तेवढ्यात नातवाचा व्हिडिओ कॉल येतो, तोंडातून वाफ काढून दाखवायला.

श्टुटगार्टहून

आमच्या राज्यात शाळा सप्टेंबरच्या मध्याला सुरू होते, जर्मनीत सगळ्यात उशिरा सुरू होणाऱ्यांत आम्ही आणि शेजारचं बायर्न (बव्हेरिया) राज्य. पहिलीत जाणाऱ्या मुलांना खाऊ आणि पेन्सिली भरलेला, जवळजवळ त्यांच्याएवढाच कागदी शंकू देतात. लेकीच्या शंकूत सासूबाईंनी चकल्या भरल्या, त्या तिने घरी यायच्या आत संपवल्या.

त्यानंतर महिनाभर वॉशिंग मशीनमध्ये खडखडाट. मुलं रस्त्यावरची रानटी चेस्टनट खिशात भरून आणतात, काड्या खोचून त्यांची माणसं करतात आणि ती खिडकीत मांडतात. खायची नसतात ती, विषारी असतात, हे नवीन आलेल्यांसाठी सांगून ठेवते. आमच्या इमारतीचं हीटिंग ऑक्टोबरपासून सुरू होतं, सप्टेंबरात थंडी पडली तर मोजे आणि आल्याचा चहा. शिवाय घरमालकीण सांगते की दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून हवा बदला, नाहीतर भिंतींना बुरशी धरेल. फोडणी झाली की आम्ही तसंही उघडतोच.

मला सगळ्यात आवडतो तो नोव्हेंबर. ११ तारखेला सेंट मार्टिनची कंदिलांची मिरवणूक असते, कंदील बालवाडीत मुलंच करतात. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं. त्यामुळे आदल्या संध्याकाळी मिरवून आणलेला कागदी कोल्हा दुसऱ्या दिवशी बाल्कनीत आकाशकंदिलाशेजारी लटकला. शेजारच्या आजोबांनी विचारलं, मार्टिन कालच झाला ना? मी करंजी देऊन विषय मिटवला.

टोरोंटोहून

इडलीचं पीठ. जुलैत रात्री ओट्यावर ठेवलं की सकाळी भांड्याबाहेर, सप्टेंबरच्या अखेरीस ढिम्म हलत नाही. मग ते ओव्हनमध्ये जातं, ओव्हन बंद, फक्त आतला दिवा चालू. आणि दारावर चिकटपट्टी: "आत पीठ आहे, ओव्हन लावू नये." ही पाटी कुणामुळे लागली ते पिझ्झा गरम करणाऱ्याला ठाऊक आहे.

मेलबर्नहून

आमचं सगळंच उलटं. तुमचा सप्टेंबर आमचा वसंत, आणि आमची पानगळ पाडव्याला. २०२५मध्ये पाडवा ३० मार्चला होता आणि पुढच्याच रविवारी घड्याळं एक तास मागे गेली. गुढीशेजारी मेपल पिवळा पडलेला, आंब्यांचा हंगाम संपलेला, बाजारात ताजी सफरचंदं. श्रीखंड खाऊन लगेच गरम पाणी पिणारी आमचीच पिढी असेल.

बॉस्टनहून

घड्याळावरून आठवलं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं मागे जातात आणि भारताशी अंतर साडेनऊचं साडेदहा तास होतं. मी रोज सकाळी साडेसातला आईला फोन करतो. तिकडे पाच वाजलेले असतात, तिचा चहा चाललेला असतो, गप्पा निवांत होतात. घड्याळ बदललं की तिच्याकडे सहा. दिवेलागण, देवापाशी दिवा, तोवर दारावर कुणीतरी. ती म्हणते, "तुमच्या सरकारला सांग, मला विचारल्याशिवाय वेळ बदलू नका." चार महिने गप्पा घाईत होतात आणि मार्चमध्ये पुन्हा बस्तान बसतं.

जाता जाता: हॅलोविनच्या कोरीव कामाच्या भोपळ्याचे घारगे करू नका. पाणचट असतो आणि चव नाही. बटरनट जातीचा भोपळा घ्या, गूळ थोडा कमी लागतो.

ओहायोहून

अनुभव नाही, अडचण आहे. कढीपत्ता घरात घेतल्यापासून पानं गळतायत. गेला का?

मिनियापोलिसहून

बहुधा नाही. रात्री १० अंशांच्या खाली जायच्या आत घेतलात ना? घरात ऊन कमी झालं की तो पानं टाकतोच. पानांच्या मागे चिकट डाग किंवा तपकिरी खवले दिसले तर साबणाच्या पाण्याने पुसा. दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवा, वरची माती कोरडी झाल्यावरच पाणी, खत अजिबात नको. शंका वाटली तर नखाने खोड जरासं खरवडून बघा, आत हिरवं असलं की फुटतो. आणि मार्चपर्यंत फोडणीसाठी दुकानातूनच आणा, त्याला हात लावायचा नाही.