शेततळ्यातल्या रोहू-कटलावर उवा (आर्गुलस): मे महिन्यात काय करावं?

केळीपट्टा: राम राम मंडळी. रावेर तालुका. 30×30×3 मीटरचं प्लास्टिकचा कागद टाकलेलं शेततळं, उतार 1:1, सध्या पाणी 2 मीटर. 2,500 रोहू-कटला, सरासरी 400 ग्रॅम. मासे कागदाला अंग घासतात, मध्येच उसळ्या मारतात. पोटाखाली लाल ठिपके, पंखांच्या बुडाशी चपट्या, पारदर्शक उवा. खाद्य निम्म्यावर आलंय. कोकणात पिंजऱ्यातल्या जिताड्याला गोड्या पाण्यात बुडवून परजीवी काढतात म्हणे. इथे चालेल का? औषध कोणतं, किती? तळ्याचं पाणी ठिबकने केळीला जातं.

तापीकाठ: भाऊ, तो उपाय इथे चालणार नाही. जिताड्याच्या कातडीवरचे चपटे कृमी खाऱ्या पाण्याला सरावलेले असतात. गोड्या पाण्यात 5-10 मिनिटांत फुगून गळतात. जिताडा नदी-खाडीत ये-जा करणारा, त्याला ते सोसतं. रोहू आणि तुमची ऊ, दोघंही गोड्या पाण्यातलेच. इथे मीठ वापरतात: 100 लिटरच्या टबात 2 किलो, मासा 1-2 मिनिटं, कलंडायला लागला की लगेच बाहेर. तेही नवी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडताना. ते पाणी पुन्हा तळ्यात ओतायचं नाही, गळालेल्या उवा जिवंत असतात. मे महिन्याच्या उन्हात 2,500 मासे ओढून टबात घालणं म्हणजे मरतूक ओढवून घेणं. आणि तळ्यात मीठ टाकूच नका. 0.1 टक्का करायला घनमीटरला 1 किलो लागतं, म्हणजे साडेतेराशे किलो मीठ केळीच्या मुळाशी.

मत्स्य_शहादा: पाणी आधी नीट मोजा. तळ 24×24, 2 मीटरवर पाण्याची कड 28×28, मध्यावर 26×26. (576 + 784 + 4×676) × 2 ÷ 6 = साधारण 1,355 घनमीटर. 1 पीपीएम म्हणजे घनमीटरला 1 ग्रॅम, तेव्हा तुम्हाला 1.36 किलो. 30×30×3 असा सरळ गुणाकार केला की 2,700 येतात आणि डोस दुप्पट पडतो. शेततळ्यात औषधाने मासे मरण्यामागे अनेकदा हा चुकीचा हिशोब असतो.

तापीकाठ: बरोबर. पण औषध तिसऱ्या नंबरवर ठेवा, पहिला माशांवरचा ताण. हजार किलो मासळी एवढ्या पाण्यात, वर खानदेशचा मे. पहाटे 5 वाजता विरघळलेला ऑक्सिजन तपासा. लिटरला 3 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर खाद्य बंद आणि एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) मध्यरात्रीपासून सूर्य वर येईपर्यंत चालू. दुपारी पीएच 9 च्या पुढे गेला की अमोनिया जास्त विषारी होतो, म्हणून हिरव्या पाण्यात पीएच वाढवणारा चुना सरसकट टाकू नका. आपलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी आधीच क्षारयुक्त. ताणातल्या माशाची प्रतिकारशक्ती घटते आणि उवेने केलेल्या जखमेत जिवाणू शिरतात. मोठे मासे आताच विकून गर्दी कमी करा, हा माझ्या मते सगळ्यात खात्रीचा उपाय.

दुसरं, अंडी. मादी मासा सोडून कडक पृष्ठभागावर ओळीने अंडी चिकटवते. चार कोपऱ्यांत बांबूच्या चटया किंवा फळ्या अर्ध्या बुडवून उभ्या ठेवा, दर सातव्या दिवशी काढून घासा आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवा. कोमट पाण्यात अंडी दोन-तीन आठवड्यांत फुटतात, त्याआधी निघाली पाहिजेत. कागदावरही अंडी असतात. केळीला पाणी दिल्यावर उघडी पडणारी पट्टी खराट्याने घासा आणि पूर्ण सुकू द्या, मगच पाणी भरा. मात्र पातळी फार उतरवू नका, गर्दी वाढेल.

बियाणे_धुळे: लाल औषध (पोटॅशियम परमँगनेट) टाकू का?

मत्स्य_शहादा: त्याचा उपयोग जखमेवरच्या जिवाणूंसाठी, उवेवर भरवसा नको. हिरव्या पाण्यात ते लगेच वाया जातं, गुलाबी रंग थोड्याच वेळात तपकिरी झाला की काम संपलं. कापसावर फवारायचं कीटकनाशक सायपरमेथ्रिनही ओतू नका. मासळीसाठी ते अत्यंत विषारी, आणि पाण्यातले बारीक जीवही मारतं. इमामेक्टिन (उवांसारखे परजीवी मारणारं औषध) खाद्यातून दर किलो मासळीला दिवसाला 50 मायक्रोग्रॅम, 7 दिवस देतात, पण ते मत्स्य डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, आणि विक्रीआधी किती दिवस थांबायचं ते लेखी घ्या. मासे खात नसतील तर औषध पोटात जाणारच नाही, म्हणून आधी ऑक्सिजन.

तापीकाठ: दर आठवड्याला 10 मासे पकडून कल्ल्याच्या झाकणाखाली, पंखांच्या बुडाशी उवा मोजा आणि वहीत सरासरी लिहा. जाळं दुसऱ्या तळ्यात नेण्याआधी कडक उन्हात वाळवा.