मदत हवी आहे: सीपॅप मशीन आणि मास्क, शुक्रवारपर्यंत ठरवायचंय

अर्धीझोप
स्लीप स्टडी (झोपेची तपासणी) झाली, सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, लागणारच म्हणाले. विक्रेत्याने दोन मशिनं आणि सात-आठ मास्क समोर मांडले आणि "बघा, कुठला बरा वाटतो" म्हणून मोकळा झाला. एक मशीन साधं, एक ऑटो. मास्क तर विचारूच नका, नाकावरचा, नाकपुडीत बसणारा, नाक-तोंड दोन्ही झाकणारा. अनुभवी लोकांनी सरळ सांगा, कुठलं मशीन आणि कुठला मास्क. स्लीप ॲप्नियात झोपेत श्वास थांबतो वगैरे नको, ते वाचून झालंय.

रात्रपाळी
मी स्लीप लॅबमध्ये काम करते. एएचआय, म्हणजे झोपेत ताशी किती वेळा श्वास थांबतो किंवा मंदावतो तो आकडा, किती आला? ऑक्सिजन किती खाली गेला? घशातल्या अडथळ्यामुळे श्वास थांबला किती वेळा आणि सेंट्रल, म्हणजे मेंदूकडून इशाराच न आल्यामुळे, किती, हे रिपोर्टात वेगवेगळं दिलेलं असतं. टायट्रेशन झालं का, म्हणजे किती दाब लागतो ते तपासून ठरवलं का? झोपेत तोंड उघडं असतं का? एवढं कळल्याशिवाय सांगायचं म्हणजे पायाचं माप न देता चप्पल मागवल्यासारखं आहे.

कुंभकर्ण_दुसरा
ऑटो घ्या, विषय संपला. चार वर्षं वापरतोय. कुशीवर झोपलो की दाब कमी लागतो, उताणा झालो की जास्त. साध्या मशीनला हे कळत नाही, ते आपलं रात्रभर एकाच दाबाने फुंकत बसतं.

नळीवाला
ऑटोचा एवढा उदोउदो कशाला? माझं ऑटो रात्रभर वर-खाली करायचं आणि प्रत्येक वेळी मला जाग यायची. डॉक्टरांनी दाब ११ वर कायम करून दिल्यापासून सलग झोप लागते. टायट्रेशन झालेलं असेल तर साधं पुरतं.

कुंभकर्ण_दुसरा
अहो, मग तुमचंही ऑटोच आहे की! ११ वर बांधलेलं. ऑटोला साधं करता येतं, साध्याला ऑटो नाही. मी तेच म्हणतोय.

नळीवाला
तुम्ही "विषय संपला" म्हणालात. तो संपलेला नाही एवढंच माझं म्हणणं.

अर्धीझोप
भांडू नका प्लीज, शुक्रवार जवळ आलाय. एएचआय ३८. ऑक्सिजन ७८ टक्क्यांपर्यंत खाली. सेंट्रल ताशी २ लिहिलंय. टायट्रेशन म्हणजे मशीन लावून परत एक रात्र झोपवतात तेच ना? ते नाही केलं. तोंड उघडंच असतं, घोरायला लागले की सगळं घर जागं.

डुलकी
"लागले"? पेशंट तुम्ही नाही?

अर्धीझोप
नाही हो, बाबांसाठी. वय ७१. लिहिलं नव्हतं का?

डुलकी
नव्हतं.

रात्रपाळी
ताशी ३० च्या वर म्हणजे तीव्र, त्यामुळे चालढकल करू नका हे खरंच. सेंट्रल नगण्य आहेत, ते बरं झालं. टायट्रेशन झालेलं नाही, तर ऑटो घेणंच सोयीचं. पण डॉक्टरांकडून दाबाची किमान-कमाल मर्यादा लिहून घ्या. बहुतेक मशिनं ४ ते २० (दाब सेंमी पाण्यात मोजतात) अशी सताड उघडी येतात आणि विक्रेता तशीच हातात देतो. ४ वर बऱ्याच जणांना मास्कमध्ये गुदमरल्यासारखं होतं, हवा पुरत नाही असं वाटतं. मग माणूस पहिल्याच रात्री मशीन कपाटात टाकतो. मशिनीत ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा पाण्याचा डबा) आहे ना आणि रात्रीची नोंद डॉक्टरांना बघता येते ना, एवढं विचारा. बाकी दोन्ही मशिनं घटकाभर बाजूला ठेवा. माणूस टिकतो की पळतो ते मास्कवर ठरतं.

उंटावरचा_शहाणा
वय ७१ आणि एएचआय ३८? मग सीपॅप कशाला, सरळ एएसव्ही घ्या. सगळ्यात पुढचं तंत्रज्ञान, प्रत्येक श्वास मोजून दाब बदलणारं मशीन. एकदाच घ्यायचं तर चांगलंच घ्यावं.

रात्रपाळी
कृपा करून असा सल्ला देऊ नका. एएसव्ही सेंट्रल प्रकारच्या ठरावीक रुग्णांसाठी असतं, इथे सेंट्रल २ आहेत. २०१५ साली सर्व्ह-एचएफ चाचणीचे निष्कर्ष आले. हृदयाचं पंपिंग कमकुवत असलेल्या, म्हणजे ईएफ (दर ठोक्याला हृदय बाहेर ढकलतं तो रक्ताचा हिस्सा) ४५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या आणि मुख्यतः सेंट्रल ॲप्निया असलेल्या रुग्णांत एएसव्हीमुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढलेले दिसले. हे काही मोबाइलचं वरचं मॉडेल नाही.

उंटावरचा_शहाणा
मी फक्त पर्याय सुचवला. घेणारा डॉक्टरांना विचारूनच घेईल ना.

फुलपाखरू७
मशीनशिवाय उपाय आहे, कोणी बोलत का नाही? डिजेरिडू नावाचं ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचं लांबलचक फुंकवाद्य असतं. ते चार महिने वाजवल्यावर ॲप्निया कमी झाल्याचं बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात २००६ साली छापून आलंय. घशाचे स्नायू घट्ट होतात. मी स्वतः फुंकण्याचे व्यायाम करते, घोरणं निम्म्यावर आलंय.

कुंभकर्ण_दुसरा
त्या अभ्यासात २५ माणसं होती आणि त्याला २०१७ चं इग नोबेल (गमतीशीर संशोधनाचं बक्षीस) मिळालं, तेही शांततेचं! ऑक्सिजन ७८ वर जाणाऱ्या ७१ वर्षांच्या माणसाला वाजंत्री लावायला सांगता?

फुलपाखरू७
मशीनसोबत करा म्हणतेय मी. हसायला काय जातं.

डुलकी
मास्कबद्दल माझं. पहिला मास्क नाकावरचा होता. हवा फटीतून डोळ्यात यायची म्हणून मी पट्ट्या आवळत गेले, आणखी आवळत गेले. सकाळी आरशात बघितलं तर नाकाच्या हाडावर लाल वळ आणि गालांवर पट्ट्यांचे व्रण, आणि गळती होती त्याहून वाढलेली. नंतर कळलं की सिलिकॉनची कड हवेने फुगून चेहऱ्याला चिकटायला हवी. आवळलं की ती चपटी होते आणि घडीतून हवा सुटते. आता करते ते असं: मशीन चालू करायचं, नेहमीच्या उशीवर आडवं व्हायचं, मास्क चेहऱ्यापासून जरा वर उचलून परत ठेवायचा, आणि मग पट्ट्या सारख्या करायच्या. बसून, मशीन बंद ठेवून बसवलेला मास्क आडवं झालं की हलतोच, कारण गालांचा आकार बदलतो. दुकानातही आडवं होऊन बघायचं. लाजायचं नाही.

नळीवाला
हे शंभर टक्के. आणि तोंड उघडं असतं म्हणून लगेच फुल फेस (नाक-तोंड दोन्ही झाकणारा) घेऊ नका. त्याला पुष्कळदा दाब जास्त लागतो आणि गळतीला कडही लांब मिळते. नाक चोंदलेलं असेल तर आधी त्याचा इलाज करा. नाक मोकळं झालं की कित्येकांचं तोंड आपोआप मिटतं.

रात्रपाळी
सहमत. फुल फेसच अनेकांना सोसतो हेही खरं, पण सुरुवात नाकापासून करून बघावी. बाबांचं नाक दिवसा मोकळं असतं का? दाढी-मिशा? कवळी? अंगात एखादं यंत्र, पेसमेकर वगैरे?

अर्धीझोप
नाक मोकळं असतं, सर्दी झाली तरच बंद. मिशी आहे, चांगली जाड, आणि ती काढणार नाहीत, त्यावर चर्चा नको. वरची कवळी आहे, रात्री काढून वाटीत ठेवतात. पेसमेकर बाबांना नाही, आईला आहे. विक्रेता एक लोहचुंबकाच्या चापांचा मास्क दाखवत होता, बोटं थरथरतात त्यांना सोपा म्हणे. बाबांना तोच आवडलाय, टिक करून बसतो. तोच घेऊ ना?

डुलकी
आई त्याच पलंगावर झोपते का?

अर्धीझोप
हो, शेजारीच. का?

रात्रपाळी
मग तो घेऊ नका. चुंबकाच्या चापांमुळे पेसमेकरच्या कामात अडथळा येऊ शकतो. बऱ्याच पेसमेकरजवळ चुंबक आला की ते ठोक्यांकडे न बघता ठरलेल्या गतीने चालू लागतात. मोठ्या कंपन्यांनी याबद्दल सूचना काढल्या आहेत आणि त्यात मास्क लावणाऱ्याबरोबर शेजारी झोपणाऱ्याचाही उल्लेख आहे. चुंबक साधारण १५ सेंमी लांब हवा. झोपेत कूस बदलताना हे कोण मोजणार? साध्या हुकांचा मास्क मागा. बोटं थरथरत असतील तर एकदा माप जमल्यावर पट्ट्यांना हात न लावता टोपीसारखा डोक्यावरून चढवता येणारे मास्क असतात.

जाड मिशीवर पूर्ण नाक झाकणारा गळतो, कारण त्याची खालची कड मिशीवर टेकते. नाकपुडीत बसणाऱ्या उशांचा आधी बघा. आणि कवळी काढूनच बसवून घ्या. कवळी लावून दुकानात बसवलेला मास्क रात्री वरचा ओठ आत गेला की सैल पडतो.

अर्धीझोप
आईचं डोक्यातच आलं नव्हतं. उद्या फोन करते.

उंटावरचा_शहाणा
अवांतर: पहिलं सीपॅप सिडनीच्या कॉलिन सलिव्हननी १९८० च्या सुमारास केलं, व्हॅक्यूम क्लीनर उलटा चालवून. मग घरीच का नाही जमणार?

नळीवाला
करून बघा आणि सकाळी उठलात तर धागा काढा.

सायलेन्सर
मला ओळखीच्यांकडून जुनं मशीन मिळतंय, घेऊ का? नवीन धागा काढत नाही.

कुंभकर्ण_दुसरा
आधी कंपनी आणि मॉडेल लिहा. फिलिप्सने जून २०२१ मध्ये आतल्या आवाज-रोधक फोमच्या दोषासाठी पुष्कळ मशिनं परत बोलावली होती. तुमचं त्यातलं आहे का ते अनुक्रमांकावरून तपासा. मास्क आणि नळी तर नवीनच घ्या.

अर्धीझोप
अपडेट. ऑटो घेतलं, डॉक्टरांनी ७ ते १४ लिहून दिलं. उशांचा मास्क, साध्या हुकांचा. काल पहिली रात्र. अडीचपर्यंत आवाजच नाही, आई दोनदा उठून छातीवर हात ठेवून बघून आली. अडीचला बाबांनी मास्क काढून फेकला, म्हणे नाकात पाणी टपकतंय. खरंच नळीत थेंब होते. मशीन बिघडलंय का?

डुलकी
नाही. खोली गार आणि आतली हवा दमट, म्हणून नळीत पाणी जमतं. ह्युमिडिफायर एक-दोन पायऱ्या खाली आणा आणि मशीन पलंगापेक्षा खालच्या पातळीवर ठेवा, म्हणजे पाणी नाकाकडे न येता परत डब्यात जाईल. नळी पांघरुणाखालून न्या. गरम होणारी नळी मिळाली आहे की साधी?

अर्धीझोप
ते बघावं लागेल. दोन नळ्या आहेत खोक्यात.